वास्कोत बोर्डिंग क्लार्क व्हायचंय?

बी.कॉम. करून कुडाळहून वास्कोला आलो, तेव्हा शिपिंग म्हणजे जहाजावरची नोकरी एवढंच मला ठाऊक होतं. बंदरातली बरीचशी कामं किनाऱ्यावरून चालतात. नवख्याला शिरकाव मिळतो तो शिपिंग एजंटकडे, म्हणजे जहाजमालकाच्या वतीने बंदरातली कामं करणाऱ्या कंपनीत, बोर्डिंग क्लार्क म्हणून. जहाज आलं की कस्टम्स, इमिग्रेशनचे कागद करायचे, कॅप्टनला काय हवं-नको ते बघायचं आणि जहाज सुटेपर्यंत प्रत्येक गोष्टीची वेळ नोंदवायची.

वास्कोचं मुरगाव बंदर झुआरी नदीच्या मुखाशी आहे. धक्के आधी पाठ करा. ५ए, ६ए आणि ७ वर मुख्यतः कोळसा उतरतो आणि रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. ८ द्रव मालाचा, ९ पूर्वापार खनिजाचा, १० आणि ११ सर्वसाधारण मालाचे. खनिज नदीतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने येतं. पावसाळ्यात मांडवीचं तोंड खवळलं की तिकडच्या बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून झुआरीत उतरतात. २०१२ साली खाणी थांबल्या आणि या बार्जवर पोट असलेली कितीतरी घरं अडचणीत आली. म्हणून म्हणतो, एकाच मालाचं काम शिकून थांबू नका.

संधी मिळाली तर ड्राफ्ट सर्व्हेला नक्की जा. जहाज पाण्यात किती खोल बुडलंय (म्हणजेच ड्राफ्ट) ते मोजून त्यावरून मालाचं वजन काढतात. जहाजावर पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणी आकडे रंगवलेले असतात. आकडा दहा सेंटिमीटर उंच. पाणी त्याच्या तळाला टेकलं तर तोच ड्राफ्ट, माथ्याला टेकलं तर दहा सेंटिमीटर जास्त. आपण बसलेली लाँच (छोटी मोटरबोट) डुलत असते, लाट आकडा गिळते आणि पुन्हा सोडते. माझ्या सर्व्हेयरने सांगितलं होतं, "घाई करू नको. पाणी कुठवर चढतं, कुठवर उतरतं ते बघत राहा, मग मधला धर." पॅनामॅक्स, म्हणजे पनामाच्या जुन्या कालव्यात जेमतेम मावेल एवढ्या जहाजात एका सेंटिमीटरला साधारण पासष्ट-सत्तर टन माल असतो! मग बादलीने पाणी काढून हायड्रोमीटरने घनता बघायची. समुद्राचं पाणी १.०२५ धरतात, पण पावसाळ्यात झुआरीचं गोडं पाणी मिसळलं की घनता घटते आणि तेवढ्याच मालाला जहाज जास्त बुडतं.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातून चूक झाली. स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्समध्ये, म्हणजे जहाजाच्या कामाच्या वेळांच्या नोंदपत्रकात, मी लिहिलं, "दुपारी पाऊस, काम बंद." हॅच (मालाच्या कोठारांची तोंडं) किती वाजता झाकले, किती वाजता उघडले, ते लिहिलंच नाही. पुढे डेमरेजचा, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेळ जहाज अडकल्याच्या भरपाईचा, हिशेब त्याच दोन तासांवर अडला. जहाजाच्या लॉगबुकात वेगळी वेळ होती आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हापासून खिशातल्या वहीत मिनिटासकट लिहितो, आणि शिफ्ट संपताना जहाजाच्या चीफ ऑफिसरबरोबर पडताळून घेतो.

नांगरावरच्या जहाजावर चढताना लाँच लाटेबरोबर पूर्ण वर आली की शिडी धरा. ती खाली जात असताना पाय टाकू नका. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तर लाँचमध्ये बसूच नका, कोणी कितीही घाई केली तरी. धक्क्यावर कोकणी-हिंदी चालते, मालवणी येत असेल तर कोकणी लवकर जमते. ईमेल मात्र इंग्रजीत लिहावे लागतात, त्याचा सराव आतापासून करा.

मुलाखतीआधी एक संध्याकाळ बंदराजवळच्या सड्यावर काढा. समोर नांगरलेली जहाजं दिसतील. पाण्यावर किती अंग उघडं आहे ते बघा, आणि कुठलं भरलेलं, कुठलं रिकामं, ते ओळखायचा प्रयत्न करा.