रँसचं शॅम्पेन तळघर बघायचंय? मग हे वाचा

पॅरिसला जाताय तर एक दिवस रँससाठी काढाच, स्पेलिंग बघून आपण सगळे रीम्स म्हणतो पण तिथे रँस. गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान ट्रेन) पकडा, पाऊण तासात पोचता. तिकडे शॅम्पेनवाले बरेच आहेत, पण पहिल्यांदा जात असाल तर पोमेरी कंपनीचं तळघर बघा. टूरचं बुकिंग आधी ऑनलाईन करा आणि इंग्रजी टूरच निवडलीय ना ते दोनदा चेक करा.

आता महत्त्वाचं, स्वेटर!! वर जून असो नाहीतर ऑगस्ट, खाली बारा महिने १० डिग्रीच्या आसपास. उतरायला सरळसोट ११६ पायऱ्या आहेत, गड चढणाऱ्यांना किरकोळ वाटेल पण आईबाबा सोबत असतील तर गुडघ्यांचा विचार करा, कारण तेवढ्याच परत चढायच्यात. खाली जवळपास १८ किमीचे बोगदे, आणि मधेच रोमन काळातल्या खडूच्या खाणी, मान वर केली की पिरॅमिडसारख्या निमुळत्या होत गेलेल्या पांढऱ्या भिंती आणि टोकाला उजेडाचा एक ठिपका. भिंतीला हात लावला तर ओलसर लागतो, हाच ओलावा आणि गारवा बाटल्यांना हवा असतो. बाटलीतच दुसऱ्यांदा फर्मेंटेशन होतं आणि साधी शॅम्पेनसुद्धा किमान १५ महिने मुरवावीच लागते, नियमच आहे तसा.

शेवटी टेस्टिंग. उपाशीपोटी जाऊ नका, चढते.