अकरा निवेदनं आणि पोच एकही नाही: अ‍ॅम्ब्युलन्स चालकांनो, युनियन करताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात 102 अ‍ॅम्ब्युलन्सचा एक ड्रायव्हर माझ्याकडे फाइल घेऊन आला. फाइलमध्ये अकरा निवेदनं होती. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, सिव्हिल सर्जन, दोन आमदार, कुणालाच सोडलं नव्हतं. सोबत फोटो, त्यात निवेदन देणारे आणि घेणारे सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. ज्याच्याकडून पगार येतो त्या ठेकेदाराच्या नावाचा कागद मात्र एकही नव्हता, आणि आवक शिक्का तर अकरापैकी एकावरही नाही. चार महिन्यांचा ओव्हरटाइम थकला होता. हे लोक भांडले नव्हते असं कोण म्हणेल? पण कामगार कार्यालयाच्या दृष्टीने अजून भांडण सुरूच झालेलं नव्हतं.

मालक कोण, हेच न बघणं

गाडीवर शासनाचं नाव, उभी सरकारी दवाखान्याच्या आवारात, कॉल येतो सरकारी नंबरावरून. साहजिकच पोरांना वाटतं, आपला मालक सरकार. नियुक्तीपत्र काढून बघा. ते दिलंच नसेल (बहुतेकांना दिलेलं नसतं), तर पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडा. ज्या आस्थापनेचं नाव तिथे दिसतं, मागणीपत्र तिच्या नावाने जायला हवं. प्रत आरोग्य खात्याला, प्रत सहायक कामगार आयुक्तांना. खात्याला प्रत देण्यामागे कारण आहे: ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे खात्यावर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या कामगार संहितेतही आहे. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका, पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा (पूर्वीचं रजिस्टर एडी 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं).

ठेका बदलला की हाच प्रश्न पुन्हा येतो. जुन्याकडची बाकी नव्याकडे मागून वर्ष घालवलेले लोक मी पाहिलेत.

नोटीस आल्यावर पावती फाडणं

हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. दोन वर्षं वर्गणी मागितली तर "बघू पुढच्या महिन्यात". मग अपघात होतो, आरोपपत्र येतं आणि रात्री अकराला फोन: "साहेब, मला मेंबर करून घ्या." राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार खातेनिहाय चौकशीत बाजू मांडायला आपल्याच विभागातल्या सहकारी कामगाराला किंवा युनियनच्या पदाधिकाऱ्याला सोबत घेता येतं. पण युनियन कोणती, तर 'ज्या युनियनचा तो सभासद आहे' ती. पावतीची तारीख आरोपपत्रानंतरची असेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

चौकशीला एकटं जाऊ नका. "दोन ओळी लिहून द्या, मिटवून टाकू" म्हणणाऱ्या सुपरवायझरसमोर तर पेनच उघडू नका. त्या दोन ओळी पुढे कबुलीजबाब म्हणून वाचल्या जातात. कागद मागा, घरी न्या, मुदतीत लेखी उत्तर द्या. निलंबन झालं तर पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, त्यापुढे, उशीर तुमच्यामुळे होत नसेल तर, 75 टक्के. त्याची मागणीही लेखीच करा.

आरसा फुटला, बंपर गेला की परस्पर पगारातून कापणं हाही नेहमीचा प्रकार. नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराला कारण दाखवायची संधी द्यावी लागते आणि एका महिन्याच्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. पगार स्लिप जपून ठेवा. मोबाइलवर आलेली असेल तर प्रिंट काढा, मोबाइल हरवतात.

"संप नाही केला, सामूहिक रजा टाकली"

ही युक्ती आता चालत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संपच धरला जातो. संपाला आधी नोटीस लागते. नोटिशीनंतर 14 दिवस उलटल्याशिवाय गाड्या थांबवता येत नाहीत आणि नोटीस 60 दिवसच चालते. समेटाची बोलणी सुरू असताना संप नाही, ती संपल्यावर 7 दिवसही नाही. वर मेस्माची, म्हणजे राज्याच्या अत्यावश्यक सेवा कायद्याची, टांगती तलवार. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनचा संप सुरू झाला आणि त्याच वेळी विधिमंडळाने मेस्माचं विधेयक मंजूर केलं, ते विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "उद्यापासून चाव्या खाली" असं लिहिणाऱ्याचं नाव स्क्रीनशॉटवर राहतं. ग्रुपमधले बाकीचे शंभर जण तेव्हा "मी तर फक्त वाचलं" म्हणतात.

प्रत्येक तालुक्याची वेगळी युनियन

एका आस्थापनेत अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाट करते. तेवढा कुणाकडेच नसेल तर वाटाघाट परिषद बसते आणि तिथे जागा हवी तर किमान 20 टक्के लागतात. अध्यक्षपदावरून फुटलेल्या तीन युनियन मिळून ठेकेदाराचंच काम सोपं करतात. कोणाचा फोटो बॅनरवर मोठा, यावरून फुटलेली एक मला माहीत आहे.

पहिली मागणी 'सेवेत कायम करा'

मागणी रास्त आहे, नाही म्हणत नाही. पण कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच स्पष्ट केलंय. ती लढाई लांबची. मागणीपत्रात ती असू द्या, पण साप्ताहिक सुट्टी, बारा तासांच्या ड्युटीतला ओव्हरटाइम आणि पीएफ-ईएसआयचा (कामगार विमा) भरणा तिच्या वर लिहा. या गोष्टी हजेरीपट आणि भरण्याच्या चलनावरून सिद्ध करता येतात.

कामावरून काढलंच तर "बोलणी चालू आहेत" या आशेवर बसू नका. कामगार कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर 45 दिवसांत काही झालं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं. पूर्वी त्यासाठी तीन वर्षं होती, आता काढल्यापासून दोनच.

त्या ड्रायव्हरच्या लॉगबुकातून आम्ही दोन संध्याकाळी बसून ओव्हरटाइमचे तास उतरवून काढले. बारावा कागद ठेकेदाराच्या नावाने गेला, रजिस्टर एडीने. गुलाबी पोचपावती नवव्या दिवशी आली, ती त्याने फाइलमध्ये सगळ्यात वर लावली.