इंग्रजीत चिकन मोजायचं की नाही? खाण्याच्या शब्दांचा घोळ असा सोडवा

'आय एट अ चिकन' असं लिहिलंत ना, तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटणार की तुम्ही एक अख्खी कोंबडी एकट्याने फस्त केली. 'आय एट चिकन' किंवा 'सम चिकन' लिहायचं. शाळेत आपल्याला काउंटेबल (मोजता येणारे) आणि अनकाउंटेबल (न मोजता येणारे) अशा शब्दांच्या दोन याद्या पाठ करायला लावतात आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण खाण्याचे ढीगभर शब्द दोन्हीकडे चालतात. म्हणून यादी राहू द्या, ताटात काय आहे ते बघा.

पहिली स्टेप: अख्खा नग आहे का? बॉक्समधून आलेला पूर्ण केक म्हणजे 'अ केक', कापल्यावर तुमच्या वाट्याला आला तो 'सम केक' किंवा 'अ पीस ऑफ केक'. बाजारातून आणले ते 'टू अनियन्स', पण भाजीत कांदा जास्त झाला तर 'टू मच अनियन', कारण आता नग उरलेच नाहीत. अंड्याचंही तेच. 'यू हॅव एग ऑन युवर शर्ट' म्हणजे शर्टाला अंडं लागलंय, आणि तिथे 'अॅन एग' म्हटलंत तर शर्टावर अख्खं अंडंच ठेवलंय असं चित्र उभं राहतं!

मग बघा, ऑर्डर देताय का. 'टू कॉफीज, प्लीज' एकदम बरोबर, कप त्यात धरलेला असतो, आपणही टपरीवर 'दोन चहा' म्हणतोच की. पण रोजच्या सवयीबद्दल बोलताना 'टू मच कॉफी'च. प्रकार सांगायचे असतील तरी एस लागतो, म्हणजे 'फ्रेंच चीजेस' वगैरे.

आता हट्टी शब्द, इथे आपली माणसं हमखास अडकतात. ब्रेडच्या दोन स्लाइसना 'टू ब्रेड्स' नाही म्हणायचं, 'टू स्लाइसेस ऑफ ब्रेड' म्हणायचं. टोस्टचंही असंच, नाहीतर 'टू टोस्ट्स' म्हणजे कुणाच्या तरी नावाने दोनदा ग्लास उंचावले असं वाटेल. भाताचं शीत 'अ ग्रेन ऑफ राइस'. आणि इथे लॉजिक शोधत बसू नका, मिळणार नाही: नूडल्स अनेकवचनी, पण स्पॅगेटी एकवचनी (मूळ इटालियनमध्ये ती अनेकवचनी आहे बरं का), ओट्स 'आर' आणि व्हीट 'इज'. मटारची तर गंमतच आहे, जुन्या इंग्रजीत 'पीज' हा न मोजायचा शब्द होता, शेवटचा 'ज' ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि १७व्या शतकात त्यातून एकट्या दाण्यासाठी 'पी' हा शब्द काढला गेला.

एवढं ठरलं की मेनी-मच आपोआप सुटतं. मोजत असाल तर मेनी आणि फ्यू, नसाल तर मच आणि लिटल.

तरी अडलंच तर केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी उघडा, शब्दाशेजारी सी किंवा यू असं छापलेलं असतं, सी म्हणजे मोजता येणारा. फक्त पहिला अर्थ बघून बंद करू नका, चिकनसारख्या शब्दाला सी आणि यू दोन्ही लागू असतात.

आणि इंग्रजीत रेसिपी लिहिणाऱ्यांसाठी एक: 'द लेंटिल्स आर कुक्ड', पण 'द डाल इज कुक्ड'. कुकर तोच, डाळही तीच, क्रियापद मात्र बदलतं.