क्वेरी मंदावली? इंडेक्स वाढवण्याआधी या चुका टाळा

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मंदावली की बहुतेकांचा हात आधी इंडेक्सकडे, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या क्रमवार सूचीकडे, जातो आणि तेवढ्याने भागले नाही तर मोठ्या सर्व्हरची मागणी होते. डेटाबेस ती क्वेरी नेमकी कोणत्या मार्गाने चालवतो आहे, हे 'एक्स्प्लेन' लावून पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

एका प्रकल्पात मायएसक्यूएल या डेटाबेसवरील ग्राहकांच्या टेबलात मोबाइल क्रमांकाचा कॉलम 'व्हारचार', म्हणजे मजकूर प्रकारचा होता आणि त्यावर इंडेक्सही होता. तरीही क्रमांकावरून ग्राहक शोधणारी साधी क्वेरी दरवेळी अख्खे टेबल चाळत असे. मला बोलावणे आले तोवर त्याच कॉलमवर निराळ्या नावांचे आणखी दोन इंडेक्स चढले होते, त्यामुळे शोध होता तिथेच राहून नव्या नोंदी घालणे तेवढे जड झाले होते, आणि नव्या सर्व्हरचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर होता. एक्स्प्लेनच्या निकालात 'पॉसिबल कीज'खाली, म्हणजे वापरता येण्याजोग्यांत, तिन्ही इंडेक्सची नावे होती; शेजारी 'की'खाली मात्र 'नल' होते, म्हणजे प्रत्यक्षात एकही वापरला जात नव्हता. कारण एवढेच की, क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे संख्या म्हणून लिहिला होता. अशा तुलनेत मायएसक्यूएल कॉलममधील मजकुराचे संख्येत रूपांतर करते. '१', '०१' आणि '१ए' या तिन्ही मजकुरांची संख्या एकच होत असल्याने मजकुराच्या क्रमाने लावलेला इंडेक्स तिथे निरुपयोगी ठरतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने प्रकार जुळत नाहीत म्हणून सरळ एरर दिली असती, आणि तो कडकपणा मला अधिक पसंत आहे. अवतरणचिन्हे घातली, जादा इंडेक्स काढले, आणि सर्व्हरचा विषय तिथेच मिटला.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे 'व्हेअर'मध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, कॉलमवरच फंक्शन लावणे. तारखेतून वर्ष काढून ते २०२३ शी ताडले, तर तारखेवरील साधा इंडेक्स नेमक्या ओळींपर्यंत पोहोचवू शकत नाही. म्हणून मी नेहमी १ जानेवारी २०२३ पासून पुढे आणि १ जानेवारी २०२४ च्या आत, अशी कक्षा लिहितो. दोन टोकांच्या तारखा घेणारे 'बिट्वीन' मी टाळतो, कारण नुसती लिहिलेली शेवटची तारीख मध्यरात्रीची धरली जाते आणि वेळेसह साठवलेल्या तारखांमध्ये ३१ डिसेंबरचा जवळजवळ सगळा दिवस त्यातून नकळत गळतो.

सगळे कॉलम मागणारे 'सिलेक्ट स्टार' लिहू नका. टेबले जोडणारा जॉइन चुकल्यामुळे दुप्पट झालेल्या ओळी सारख्या ओळी गाळणाऱ्या 'डिस्टिंक्ट'ने झाकू नका. लूपमध्ये एकेका नोंदीसाठी वेगळी क्वेरी पाठवणाऱ्यांशी वाद घालणे मी आता सोडले आहे.

आधीच्या ओळी वगळणारे 'ऑफसेट' लावून पाने पाडण्याची सवयही अशीच अंगाशी येते: २० ओळींच्या हिशेबाने ५,००० वे पान मागितले, की आधीच्या ९९,९८० ओळी वाचून टाकून द्याव्या लागतात. त्याऐवजी मागच्या पानावरचा शेवटचा आयडी घेऊन त्यापुढच्या २० ओळी मागाव्यात. थेट कोणत्याही पानावर उडी मारण्याची सोय त्यात राहत नाही, पण इतक्या खोलवरचे पान मुद्दाम उघडणारा वापरकर्ता मला अजून भेटायचा आहे.

चाचणीच्या शंभर ओळींवर काढलेला एक्स्प्लेन मी ग्राह्य धरत नाही, कारण इतक्या लहान टेबलात अख्खे टेबल वाचणे हाच क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरला रास्त मार्ग वाटू शकतो. पोस्टग्रेसमध्ये 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' ती क्वेरी खरोखर चालवते, हेही घाईत विसरले जाते. 'अपडेट' किंवा 'डिलीट' तपासायचे असेल, तर आधी 'बिगिन' आणि निकाल पाहिल्यावर बदल मागे घेणारे 'रोलबॅक' लिहावे.