रेटिंग आहे, पण व्याज उतरत नाही? या चुका टाळा

कंपनी कर्ज कितपत भरवशाने फेडेल, याची श्रेणी पतमानांकन एजन्सी ठरवते. या स्वतंत्र रेटिंगचा फायदा कळायला बँकेच्या बाजूने हिशेब मांडा. बँकांनी किती भांडवल राखावं हे ठरवणाऱ्या सध्याच्या बासेल नियमांत कंपनीला 'ए' रेटिंग असेल तर तिच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाला ५० टक्के जोखीम-भार लागतो (म्हणजे भांडवलाच्या हिशेबात कर्जाची निम्मीच रक्कम धरतात), 'बीबीबी'ला १००, 'बीबी' आणि खाली १५० टक्के. या भारित रकमेवर ९ टक्के भांडवल धरलं, तर ५० कोटींच्या कर्जामागे बँकेचे अनुक्रमे २.२५, ४.५० आणि ६.७५ कोटी अडकतात. व्याजाची घासाघीस करायची ती या फरकावर. रेटिंग वाढलं म्हणून बँक आपणहून दर कमी करेल, या भरवशावर बसू नका. नवं रेटिंग पत्र जोडून लेखी मागणी करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक हप्त्याची. मुदत कर्जाचा हप्ता एक दिवस उशिरा गेला किंवा एक रुपया कमी पडला, तरी एजन्सीच्या लेखी तो डिफॉल्ट, म्हणजे कर्ज थकवणं. रेटिंग थेट 'डी', म्हणजे सगळ्यात खालचं. बँक ९० दिवसांनी एनपीए (बुडीत होऊ घातलेलं कर्ज) ठरवते म्हणून एजन्सीही थांबेल, हा समज काढून टाका. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) मर्यादेबाहेर सलग ३० दिवसांच्या वर राहिलं, तरी तेच. बरेचदा पैसे असतात, पण भलत्याच खात्यात. हप्त्याच्या तीन दिवस आधी कर्जाला जोडलेल्या खात्यातली शिल्लक तपासायचं काम एका माणसाच्या नावावर टाका. एकदा 'डी' लागलं की गुंतवणूक-श्रेणीत ('बीबीबी' गट आणि वर) परतायला साधारण ३६५ दिवसांची नियमित परतफेड दाखवावी लागते.

दुसरी चूक आळसाची. एजन्सी दर महिन्याला 'नो डिफॉल्ट स्टेटमेंट', म्हणजे काही थकवलेलं नाही असं लेखी निवेदन, मागते. ओळीने तीन महिने ते गेलं नाही किंवा ताळेबंद रखडले, की रेटिंगपुढे 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' (कंपनी सहकार्य करत नाही) असा शेरा लागतो. तो एजन्सीच्या वेबसाइटवर कोणालाही दिसतो. धंदा चांगला चालला असला तरी नवा बँकवाला पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

भगिनी कंपनीला (त्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला) दिलेलं कर्ज किंवा हमी एजन्सीपासून लपवू नका. लेखापरीक्षणात ती दिसतेच, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही शंका येते. सहा महिन्यांहून जुनी येणी वेगळी काढून, ती का अडली हे स्वतःच लिहून द्या.

रेटिंग आवडलं नाही म्हणून फी थांबवून ते आपोआप निघत नाही. बँक कर्जाचं रेटिंग काढायला बँकेचं ना-हरकत पत्र लागतं.