११३ मुलाखती आणि सात फॉर्म

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी सात माणसं कागदावर जन्माला घातली. काम ऊसतोड मजुरांवर होतं. सिनॉप्सिसमध्ये १२० मुलाखती लिहून दिलेल्या, ११३ झाल्या आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. दोन दिवसांत टोळ्या संसार गाड्यांत भरून बीडकडे निघून गेल्या. उरलेले सात फॉर्म मी हॉस्टेलच्या खोलीत, चहा पीत, एका संध्याकाळी भरले. एवढ्यांशी बोलल्यावर लोक काय सांगणार ते पाठच झालंय, अशी स्वतःची समजूत घातली.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एक्सेलची शीट वरून खाली नेली आणि वयाच्या रकान्यावर थांबल्या. खऱ्या माणसांची वयं ३०, ३५, ४०, ४५ अशी होती. जन्मतारखेचा कागद नसलेला माणूस वय अदमासानं सांगतो, "असंल की पस्तीस-चाळीस", आणि आकडा शून्यावर नाहीतर पाचावर येऊन बसतो. जनगणनेतही हे दिसतं आणि लोकसंख्याशास्त्रात ते मोजायच्या पद्धती आहेत. माझ्या सातजणांची वयं होती ३३, ३७, ४२, २९... खरी वाटावीत म्हणून मुद्दाम तशी लिहिलेली! "हे सातजण भेटले होते का गं तुला?" मॅडमनी एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढवला नाही.

सातही फॉर्म काढून टाकले. प्रबंधात ११३च राहिल्या, आणि का राहिल्या ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहिलं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यावर प्रश्न आला, मी उत्तर दिलं आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले. ज्या प्रश्नाच्या भीतीनं खोटं लिहिलं होतं तो अर्ध्या मिनिटात संपला.

आता मी एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प बघते. पहिल्या बैठकीला हमखास 'महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या समस्या: एक अभ्यास' असा विषय येतो. अरे, किती कामगार, कुठले, कोणती समस्या? 'एका टोळीतल्या बायकांना उचलीतून हातात किती पैसे येतात' हा प्रश्न चार महिन्यांत झेपतो. (उचल म्हणजे टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे.) आधी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन तुमच्या विषयावरचे पाच तरी प्रबंध वाचा. त्यातल्या दोनांत एकमेकांच्या चुका उतरलेल्या दिसल्या, की वाचन नीट चाललंय असं समजा.

प्रश्नावली छापण्याआधी चार-पाचजणांवर वापरून बघा. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत बायकांसाठी 'तुमची मजुरी किती?' असा प्रश्न होता. दोघी हसल्या. तोडीचा हिशेब कोयत्यावर होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. तिची मजुरी अशी वेगळी कुठं लिहिलेलीच नसते. तो प्रश्न खोडला, पण प्रबंधातलं सगळ्यात बरं प्रकरण त्या हसण्यातून निघालं.

आता संमतीचं. कोर्सवर्कमध्ये संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायला शिकवलं होतं. मी कोपीसमोर, म्हणजे मजुरांच्या झोपडीसमोर, बसून स्टॅम्पपॅड बाहेर काढलं तशी समोरची बाई उठून आत गेली. तिच्या घरात अंगठा एकाच कामासाठी उठायचा, उचल घेताना. पुढं मी कागद वाचून दाखवून तोंडी संमती घेतली आणि टोळीतल्याच कुणाला तरी साक्षीला ठेवलं. तशी परवानगी संशोधनाच्या नैतिकता समितीकडून आधी लेखी घ्यावी लागते. आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही. आणि मुकादम शेजारी उभा असताना मिळालेला होकार मी धरत नाही. तो असला की उत्तरं गुळगुळीत येतात. पहाटे चूल पेटवताना किंवा वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधताना बोललं की सूर बदलतो.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. त्यानंतर कॅमेरे आले, वह्या आल्या. एकीनं मला विचारलं, "तू पण पोटाचंच विचारणार का?" माझ्या यादीत तो प्रश्न होता. मी विचारला नाही. माहिती थोडी कमी पडली, पडू दे.

आणखी एक. नाव बदललं की ओळख लपते असं मुलांना वाटतं. पन्नास उंबऱ्यांच्या वस्तीत 'दोन टायरगाड्या (टायरच्या बैलगाड्या) असलेली विधवा' असं लिहिलं तर नाव लिहायचं काय बाकी राहिलं?

वाङ्मयचौर्याची चर्चा टक्क्यांवरच अडकते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे साम्य १०% पर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४०% असेल तर ठरलेल्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यायचा, ४० ते ६०% असेल तर वर्षभर पुन्हा सादर करायला बंदी, आणि ६०% च्या वर नोंदणीच रद्द. झालं, मुलं १०% ला हक्काचा कोटा समजतात. इंग्रजी लेख मराठीत उतरवला तर सॉफ्टवेअरला सहसा पत्ता लागत नाही, म्हणून ती चोरी ठरत नाही का? एआयनं दिलेले संदर्भ तर आधी उघडून बघा. गेल्या वर्षी एका मुलाच्या यादीतले तीन लेख जगात कुठंच नव्हते. माझ्या सात माणसांची भावंडं!

'आठ दिवसांत पेपर छापून देतो' असे व्हॉट्सॲप मेसेज येतील. पैसे भरू नका. २०२२च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती काढली आहे. तरी विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, ते ऑफिसात विचारून घ्या.

आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी उत्तरं लपवायचा मोह माझ्या मते सगळ्यात अवघड. मॅडम तेव्हा पुण्याच्या भांडारकर संस्थेनं काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं उदाहरण द्यायच्या. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. संपादकांनी शेकडो पोथ्या ताडून पाठ ठरवला, पण न स्वीकारलेले पाठभेद फेकले नाहीत, त्याच पानावर खाली छापले. पुढच्या माणसाला वाटलं तर त्यानं भांडावं! माझ्या ११३ जणांपैकी नऊजणांनी मुकादमाची तोंडभरून स्तुती केली. माझा सगळा युक्तिवाद त्याच्या उलट. ते नऊजण प्रबंधात आहेत.

प्रबंध बांधून आल्यावर एक प्रत घेऊन गावी गेले. जिच्या बोलण्यावर अख्खं प्रकरण उभं होतं तिला तिचा भाग वाचून दाखवला. ती खूश झाली. मग म्हणाली, "माझं नाव कुठंय?" मी गोपनीयतेचं सांगायला लागले. "मी कुठं म्हटलं लपव म्हणून?" खरंच होतं. नाव लपवायचं का, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं, सगळ्यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं.

'उत्तरदाती क्र. १४' यावर तिनं मला पेनानं काट मारायला लावली आणि वर आपलं नाव लिहून घेतलं. ती प्रत तिच्याकडेच आहे.