बटण दाबायच्या आधीचं अर्धं मिनिट

गेल्या महिन्यात आमच्याकडे, म्हणजे रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात, इंटर्नशिपला एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी, डबा खाताना, तिने हळूच विचारलं, "मॅडम, रेडिएशनने केस गळतात का हो?" माझे केस बघून विचारलं असावं, म्हणून मला आधी हसू आलं. केस गळायला डोक्याला एकदम तीन ग्रेच्या (ग्रे म्हणजे अंगात शोषलेलं रेडिएशन मोजायचं माप) आसपास डोस बसावा लागतो. भिंतीआड उभं राहून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या रेडिएशन मोजणाऱ्या बॅजवर वर्षाला एक मिलिसिव्हर्टसुद्धा (एक्स-रेच्या बाबतीत ढोबळपणे ग्रेचा हजारावा भाग) भरत नाही. माझे केस गेले ते नाइट ड्यूटी आणि बोअरच्या पाण्याने.

या क्षेत्रात येणारी सगळीच मुलं रेडिएशनला घाबरून येतात. सहा महिन्यांत ती भीती संपते आणि मग ती अजिबातच घाबरत नाहीत. ही दुसरी अवस्था जास्त वाईट. चौदा वर्षं एक्स-रे, सीटी आणि आता एमआरआयवर काढल्यावर माझं मत असं झालंय की आमच्या कामातले बहुतेक घोटाळे बटण दाबायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात होतात. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच करतं.

माझा पहिला घोटाळा नोकरीच्या तिसऱ्या महिन्यातला. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. ओपीडीचा सोमवार, बाहेर पस्तीस-चाळीस माणसं. मी दारातून हाक मारली, "पाटील!" एक आजी उठल्या. "तुम्हीच पाटील ना?" "हो बाई." झालं. मी त्यांच्या खांद्याचा एक्स-रे काढला. त्यांचा गुडघा दुखत होता. खांदेवाल्या पाटीलबाई बाहेर बाकावर तशाच बसून होत्या. खांदा दुखत नसताना आजींनी हूं की चूं केलं नाही. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला ठाऊक असणार," म्हणाल्या. तेव्हापासून मी पेशंटला नाव सांगत नाही, त्याच्याकडून वदवून घेते. पूर्ण नाव, वय, आणि "कुठं दुखतंय ते बोटाने दाखवा". कागदावर उजवा आणि बोट डाव्यावर असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. ते चिडतील, चिडू द्या.

आता शिक्षणाचं थोडक्यात, कारण ही माहिती कुठेही मिळते. बारावी सायन्सनंतर रेडिओग्राफीची पदवी करता येते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा त्यातला एक मार्ग, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. काही महिन्यांत 'एक्स-रे टेक्निशियन' करून देणाऱ्या दुकानांच्या नादी लागू नका. एक्स-रेची मशीनं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या, परवान्याखाली चालतात आणि ती कोणी चालवायची याचेही नियम आहेत. मुलाखतीला गेलात की पगाराच्या आधी एक प्रश्न विचारा: "मला टीएलडी बॅज कधी मिळेल?" समोरचा माणूस "बघू नंतर" म्हणाला, तर ती जागा कशी आहे ते तिथेच कळतं.

टीएलडी म्हणजे छातीवर लावायचा तो छोटा बॅज. आत तीन चकत्या असतात, त्या तुमच्यावर पडलेलं रेडिएशन साठवून ठेवतात आणि दर तीन महिन्यांनी बॅज मोजणीला जातो. लेड ऍप्रन घातला असेल तर बॅज ऍप्रनच्या आत. आपल्याकडे कामगारांना मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षी ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसाला वर्षाला १. मी एकदा घाईत बॅज ऍप्रनलाच अडकवून ठेवला आणि ऍप्रन एक्स-रेच्या खोलीत, टेबलाशेजारी टांगलेला. तीन महिने तो बॅज माझ्या वतीने रेडिएशन खात बसला. मग आकडा आला आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. घरी सांगायची सोय नव्हती, आईने नोकरीच सोडायला लावली असती.

गरोदर राहिलात तर लपवू नका. मी पाचव्या आठवड्यात सांगितलं. कळवल्यानंतर पोटातल्या बाळासाठी मर्यादा १ मिलिसिव्हर्टची असते. मला सी-आर्मवरून, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवरून, काढून सीटीच्या कन्सोलवर बसवलं, काचेच्या अलीकडे. मुलगी आता सातवीत आहे आणि गणितात कच्ची आहे, त्याचा दोष रेडिएशनवर घालायचा मोह आम्ही टाळतो.

पेशंटचं मात्र वेगळं. त्याला ठरावीक मर्यादा नसते, कारण त्याला तपासणीचा फायदा मिळणार असतो. त्यामुळे प्रश्न दोनच: ही तपासणी लागते का, आणि लागत असेल तर कमीत कमी किती रेडिएशनमध्ये होईल. पक्षाघाताचा पेशंट आला तर सीटी लगेच, दुसरा विचार नाही. मेंदूत रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय हे कळल्याशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही, आणि ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तिथे दोन मिलिसिव्हर्टचा हिशेब करत बसणारा मूर्ख. पण "डोकं जड वाटतंय, एकदा स्कॅन करून टाका" म्हणून स्वतःच येणारेही असतात.

कोविडमध्ये याच हिशेबावरून मोठा वाद झाला. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच उत्तर दिलं की हल्लीच्या कमी डोसच्या सीटीत ते ५ ते १० एक्स-रेइतकंच असतं. आमच्या दारात पेशंट भांडत, खरं कोणाचं? छातीचा एक एक्स-रे ०.०२ मिलिसिव्हर्ट धरा आणि नेहमीच्या पद्धतीचा छातीचा सीटी ७ धरा, भागाकार ३५० येतो. तोच सीटी कमी डोसच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे मशीनच्या ठरलेल्या सेटिंगवर, काढा आणि एक्स-रेचा आकडा थोडा जास्त धरा, उत्तर बदललं. म्हणजे कन्सोलवर बसलेल्या माणसाने कुठला प्रोटोकॉल निवडला यावर बरंच अवलंबून होतं. तो माणूस तुम्ही असणार आहात. लहान मुलाला मोठ्या माणसाच्या सेटिंगवर स्कॅन केलं तरी चित्र सुरेखच येतं, आणि तुम्हाला कोणी काही बोलत नाही.

हीच डिजिटलची गोम आहे. आमचे सर डार्करूमच्या काळातले, हायपोच्या, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाच्या, वासात वाढलेले. त्यांच्या वेळी एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळीठिक्कर पडायची आणि सगळ्या डिपार्टमेंटला दिसायची. आता कॉम्प्युटर सगळं सावरून घेतो. कमी दिलंत तर चित्रात दाणे दिसतात आणि रेडिओलॉजिस्ट ओरडतात. जास्त दिलंत तर उलट कौतुक होतं. मग हळूहळू सगळ्यांचे हात वर सरकतात. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक्सपोजर इंडेक्स, म्हणजे प्लेटवर किती रेडिएशन पोचलं ते सांगणारा आकडा, बघायची सवय लावा. पहिल्या वर्षात मी तो कधी वाचलाच नव्हता, तारखेसारखा काहीतरी आकडा आहे असं वाटायचं.

रिपीट एक्स-रे म्हणजे पेशंटला फुकटचा दुप्पट डोस, आणि रिपीट बहुतेकदा साध्या कारणांनी होतो. छातीचा एक्स-रे घ्या. आपल्याकडे टीबीमुळे सगळ्यात जास्त निघतात ते हेच. पेशंटचं तोंड जिच्यावर चित्र उमटतं त्या प्लेटकडे, पाठ जिच्यातून एक्स-रे निघतात त्या ट्यूबकडे, सहा फुटांचं अंतर, म्हणजे हृदय प्लेटजवळ राहतं आणि उगाच मोठं दिसत नाही. खांदे पुढे ढकलायचे, नाहीतर खांद्याची पाती फुफ्फुसावर येतात. "श्वास घ्या" म्हटलं की निम्मे लोक पोट फुगवतात. मी आधी दोनदा स्वतः करून दाखवते. आणि वेणी! जाड, तेल लावलेली वेणी खांद्यावरून पुढे आली तर फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला डाग दिसतो, टीबीचा डाग नेमका जिथे येतो तिथेच. एका कॉलेजच्या मुलीला केवळ वेणीमुळे थुंकीच्या तपासणीला पाठवलेलं मी पाहिलंय. वेणी वर बांधायला सांगा, गाऊनची नाडी तपासा. मंगळसूत्र काढायला बायका तयार नसतात, त्यात वाद घालू नका. सासूबाई बाहेर असतील तर त्यांना आत बोलवा, त्यांच्या हातात द्यायला बहुतेकजणी तयार होतात.

लहान मुलाला धरायची वेळ आली तर तुम्ही धरू नका. तुम्ही रोज धराल, बाप एकदाच धरेल. त्याला लेड ऍप्रन घाला आणि उभं कुठे राहायचं ते दाखवा. आई गरोदर आहे का हे विचारल्याशिवाय तिला आत घेऊ नका. बाईचा पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे असेल तर पाळीची तारीख विचारायचीच. मुलगी सतरा वर्षांची असेल तर आईला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवून विचारायची. हे कोणत्याही पुस्तकात इतकं स्पष्ट लिहिलेलं नसतं.

सीटीच्या डाय इंजेक्शनबद्दल (चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते आयोडिनवालं औषध) एक गैरसमज सिस्टरांनाही असतो. "मासे खाऊन अंगावर उठतं का?" असं विचारून, हो म्हटलं की आयोडिनची ऍलर्जी लिहून टाकतात. कोळंबीची ऍलर्जी कोळंबीतल्या प्रथिनांची असते, डायशी तिचा तसा संबंध नाही. विचारायचं ते हे: आधी कधी डाय घेतलाय का आणि तेव्हा काय झालं, दमा आहे का, किडनीचा रिपोर्ट कुठे आहे, शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि इंजेक्शननंतर पेशंटला अर्धा तास समोर बसवून ठेवायचं. तो म्हणतो, "बस चुकेल." चुकू दे.

सोनोग्राफी शिकायचं मनात घेऊन येणाऱ्यांना एकच सांगते: गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने ती नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची असते. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यात आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. तुमच्या वाट्याला फारतर फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायचा कागद, येईल. तो मन लावून भरा, त्यातल्या चुकीवरून मशीन सील होतं.

एमआरआयवर जास्त बोलावं लागेल, कारण तिथे रेडिएशन नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. दीड टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मॅग्नेट पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट असतो आणि तो कधीही बंद नसतो. स्कॅन संपला, दिवे मालवले, रविवार असला तरी चालूच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे ओढला गेला आणि दगावला. मशीन बंद आहे असं त्याला सांगण्यात आलं होतं. ही बातमी मी आमच्या दारावर आतून चिकटवून ठेवलीय.

एका रात्री वॉर्डातले मामा व्हेंटिलेटरच्या पेशंटची ट्रॉली थेट आत घालायला निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले. "बाजूला व्हा मॅडम, पेशंट सिरियस आहे." मागे नातेवाईक ओरडतायत. खालच्या कप्प्यात लोखंडी सिलिंडर. त्या दोन मिनिटांत मी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग पेशंटला आमच्या बिनचुंबकी ट्रॉलीवर घेतलं, ऍल्युमिनियमचा सिलिंडर लावला आणि आत नेलं. नंतर कोणी सॉरी म्हटलं नाही, म्हणत नाहीत.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट हे सगळे विचारतात. त्याशिवाय एमआयडीसीत ग्राइंडिंग, वेल्डिंग केलेल्या माणसाला विचारा, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. गेला असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे. बांगड्यांना, मंगळसूत्राला लावलेल्या सेफ्टी पिना मोजून काढा, एकीने माझ्यासमोर नऊ काढल्या. दंडाचा ताईत, कमरेचा करगोटा, न निघणारी जोडवी. जरीची साडी असेल तर गाऊन द्याच, धातूची तार तापते. आणि हात एकमेकांवर जुळवून झोपलेल्या पेशंटच्या तळव्यांमध्ये कापड ठेवा, कातडीला कातडी टेकून वर्तुळ झालं की तिथे भाजू शकतं.

पहिल्या पगारातून एक्स-रेवर डावं-उजवं दाखवणारे शिशाचे स्वतःचे दोन मार्कर करून घ्या, 'एल' आणि 'आर', खाली आपली आद्याक्षरं. एक्स-रे काढतानाच प्लेटवर लावायचे. नंतर कॉम्प्युटरवर टाकू म्हणणारा कधीतरी उलटं टाकतोच. माझा 'एल' तीनदा हरवला. शेवटच्या वेळी तो आयसीयूतल्या चादरीबरोबर धुलाईला जाऊन आला. सोबत लाँड्रीवाल्याची चिठ्ठी होती: "हे औषध आहे का?"